ग्रीलमधला कढीपत्ता: रोप आणण्यापासून दिवाळीच्या चिवड्यापर्यंत

पाव किलो भेंडी तोलून झाली की ‘भैया, थोडा मसाला डालो ना’ म्हणायचं, ही मुंबईतल्या भाजीखरेदीची जुनी रीत. मसाला म्हणजे चार मिरच्या, आल्याचा तुकडा, कोथिंबिरीच्या काड्या आणि कढीपत्ता, सगळं फुकट. हल्ली भाजीवाल्याचा हात आखडलाय. मोबाइलवरून मागवावा तर प्लास्टिकच्या पुडीत घामेजलेला, कडा काळ्या पडलेला येतो. मग कधीतरी मनात येतं, एक कुंडीच आणून ठेवू.

मी मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीला पूर्वेकडचं बॉक्स ग्रील आहे आणि त्यात गेली काही वर्षं एक कढीपत्ता सुखाने नांदतोय. त्याच्याआधीचं एक रोप मात्र माझ्या हातून गेलं आणि हे दुसरंही वाया जायच्या बेतात होतं. पहिलं पाणी घालून घालून मारलं. दुसरं मेलं नाही, पण त्याची जी गत झाली ती येता-जाता लोकांच्या ग्रीलमध्ये मला सारखी दिसते: पाच फूट उंच काठी आणि टोकाला पानांचा तुरा, उलटा धरलेला खराटा जसा. मी रोज खालची पानं खुडत होते आणि शेंड्याला हात लावायचा धीर होत नव्हता. शेवटी सोसायटीतल्या माळीदादांनी एकदा वर बघून हाक मारली, “ताई, पानं काय खुडताय, शेंडा मोडा!” या लेखात माती, पाणी, कीड सगळं येईल, पण तुमच्या हातात रोज कढीपत्ता येणार की नाही हे ठरतं त्या शेंड्यावर.

काडी म्हणजे फांदी नव्हे

फोडणीत टाकायला आपण कढीपत्त्याची जी ‘काडी’ घेतो, ती वनस्पतीच्या हिशेबात फांदी नसते. मधला दांडा आणि दोन्ही बाजूंची दहा-वीस बारकी पानं मिळून ते एकच पान असतं, संयुक्त पान. बारकी पानं म्हणजे त्याच्या पर्णिका.

हे कळलं की दोन गोष्टी आपोआप सुटतात. बाजारातली काडी मातीत किंवा ग्लासात खोचून कितीही दिवस ठेवली तरी तिला मुळं का फुटत नाहीत? कारण ते पान आहे, त्यावर डोळा, म्हणजे नवी फांदी फुटायची जागा, नाही. अशी काडी ‘धरली’ असं सांगणारे व्हिडिओ खुशाल विसरा. आणि खुडताना एकेक बारकं पान ओरबाडून दांडे झाडावर तसेच का ठेवू नयेत? ते उघडे दांडे वाळून गळणारच असतात. घ्यायची तर दांड्यासकट अख्खी काडी घ्या.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबू, संत्रं, बेल, कवठ ही त्याची भावकी, आणि बागेत रात्री घमघमणारी कुंती तर फार जवळची नातेवाईक. ही सोयरीक लक्षात ठेवा, किडींच्या वेळी उपयोगी पडेल. कढीपत्त्याच्या ‘मुराया कोनिगी’ या शास्त्रीय नावातला ‘कोनिगी’ हा शब्द योहान कोनिग या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलाय. वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची रीत घालून देणाऱ्या लिनियसचा तो शिष्य. तमिळनाडूत तरंगमबाडीला तेव्हा डॅनिश वसाहत होती, तिथे तो काम करायचा. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे कढीत, ताकात आणि चिवड्यात हे पान होतंच. कोणी त्याला कढीलिंब म्हणतं, विदर्भात गोडलिंब.

रोप आणावं की बी लावावं?

रोप आणा. बी लावायला मजा येते, पण पहिल्या वर्षी ते वीतभरच वाढतं आणि स्वयंपाकाला मिळेपर्यंत दोन-अडीच वर्षं जातात. तरी हौस असेल तर एक गोष्ट पक्की ठेवा, बी ताजं हवं. आपल्याकडे कढीपत्त्याला उन्हाळ्यात पांढरा मोहोर येतो आणि पावसाळ्यात फळं पिकतात, आधी तांबडी आणि मग जांभळट काळी. पिकलेलं फळ चोळून गर धुऊन काढायचा आणि आतलं बी लगेच, फार तर आठवड्याच्या आत, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल लावायचं. हे बी वाळवून डबीत ठेवायचं नाही. वाळलं की मरतं. तीन आठवड्यांत त्याची रुजण्याची ताकद जवळजवळ संपते, त्यामुळे पाकिटातून आलेल्या कढीपत्त्याच्या बियांवर मी पैसे घालणार नाही. ताजं बी दोन ते चार आठवड्यांत उगवतं.

तिसरी वाट फुटव्याची. जमिनीत वाढलेल्या जुन्या झाडाच्या मुळांवरून आसपास नवी रोपं वर येतात. गावी किंवा कुणाच्या आवारात असं झाड असेल तर पावसाळ्यात वीतभर उंचीचा फुटवा मुळाच्या तुकड्यासकट खणून आणा. तो बियाण्याच्या रोपापेक्षा लवकर वाढतो. फांदीची कलमं मी तीनदा लावली, तिन्हीदा वाळली. नर्सरीवाल्यांनाही त्यात फारसं यश येत नाही.

नर्सरीत जून ते ऑगस्टमध्ये जा, हवेत दमटपणा असतो आणि रोप जागा बदलल्याचा धक्का लवकर सोसतं. सर्वांत उंच रोप उचलायचा मोह आवरा. फूटभर उंचीचं, शेंड्याला तांबूस-हिरवी कोवळी पालवी असलेलं घ्या. पान चुरगळून वास घ्या, वास मंद असेल तर पुढचं रोप बघा. काही रोपांची पानं मोठी आणि फिकी असतात, दिसायला छान पण फोडणीत टाकली तरी चुलीपाशी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. लहान, गडद पानांची ‘गावठी’ मागा. धारवाडच्या कृषी विद्यापीठाची ‘सुवासिनी’ ही जात वासाला चांगली आहे, मिळाली तर सोडू नका. हिवाळ्याच्या अखेरीस राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे चौकशी करायला हरकत नाही.

पिशवीत बहुतेक वेळा एक नव्हे, चार-पाच रोपं दाटीने उगवलेली असतात. ‘एकाच्या पैशात पाच’ म्हणून ती सोडवायला जाल तर मुळं तुटून पाचही जातील. दोन-तीन जोमदार ठेवा आणि बाकीची मातीलगत कात्रीने कापा. उपटू नका.

कुंडी आणि माती

कढीपत्त्याचं मूळ खोल जातं, त्यामुळे पसरट कुंडीपेक्षा उभट कुंडी बरी. नव्या रोपाला ८ इंची, वर्षाने १२ इंची, नंतर १४ किंवा १६ इंची. एकदम मोठ्या कुंडीत लावलं तर चालत नाही का? पावसाळ्यात नाही चालत. बारक्या मुळांना न लागणारी ढीगभर माती ओलीच राहते आणि मूळ कुजतं.

वजनाचंही बघा. ओल्या मातीने भरलेली १४ इंची कुंडी ३० किलोच्या आसपास भरते. ग्रीलचे बोल्ट गंजलेले असतील तर आधी लोहाराला बोलवा. आणि ग्रीलच्या बाहेर, कठड्यावर कुंडी ठेवायची नाही. खाली माणसं चालतात.

मुंबईत नर्सरीत मिळते ती लाल माती. ओली असताना चिकट, वाळली की वीट. नुसत्या लाल मातीत लावलेला कढीपत्ता वर्षानुवर्षं हातभरच राहतो. मी दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), अर्धा भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड घेते. मूठ वळावी आणि बोट लावताच फुटावी इतपत भुसभुशीत झालं पाहिजे. कुंडीच्या भोकांवर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. भोकं बारीक असतील तर तापलेल्या सळईने मोठी करा. या एका कामाने माझं पहिलं रोप वाचलं असतं.

नर्सरीतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच नव्या मातीत ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आत कोरडाठाक राहतो. वरून रोज पाणी घालूनही रोप सुकतं आणि आपण आणखी पाणी घालतो. म्हणून पिशवी कापल्यावर तो गोळा १५-२० मिनिटं बादलीभर पाण्यात बुडवा, मऊ झालेली बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा, मधलं मूळ धक्का न लावता तसंच राहू द्या. संध्याकाळी लावा. आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग कायमच्या जागी.

ऊन

चार तास थेट ऊन हवं, सहा मिळालं तर उत्तम. पूर्वेच्या ग्रीलमध्ये सकाळी सात ते साडेअकराचं ऊन मिळतं तेवढ्यावर माझं झाड मजेत आहे. पश्चिमेचं ऊनही चालतं, फक्त एप्रिल-मेमध्ये काळी प्लास्टिकची कुंडी इतकी तापते की मुळं भाजतात. तिच्याभोवती गोणपाट गुंडाळा किंवा पुढे पुदिन्याची कुंडी ठेवा. उत्तरेची खिडकी असेल, समोर टॉवर उभा असेल आणि ऊन घड्याळात मोजून तासभर येत असेल, तर कढीपत्त्याच्या नादी लागू नका. तिथे पानओवा लावा, तो बापडा कुठेही येतो.

पाणी, आणि आपला पावसाळा

नियम एकच आहे. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तर पाणी घाला, ओलं लागलं तर घालू नका. मेमध्ये १२ इंची कुंडीला रोज लिटरभर लागतं. डिसेंबरात तीन-चार दिवसांनी पुरतं. घालाल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. रोज कपभर शिंपडण्याने वरची इंचभर माती ओली होते, खालची मुळं तहानलेलीच राहतात.

सांताक्रुझला जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कढीपत्त्याला दमट हवा आवडते, साचलेलं पाणी अजिबात नाही. म्हणून जून लागला की कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर चढवा. महिन्यातून एकदा वरची माती काट्याने उकरा. भोकं बुजली नाहीत ना ते सळईने तपासा. जुलैत सलग चार दिवस झड लागली तर लहान कुंडी मी घरातच ओढून घेते. पाऊस चालू असतानाच पानं मलूल झाली तर ती तहान समजू नका, बहुधा मुळं कुजायला लागलीत. त्या वेळी पाणी बंद करायचं, कुंडी आडोशाला न्यायची आणि खत अजिबात घालायचं नाही.

ताटली काढली की पाणी खालच्या मजल्यावर टपकतं. आमच्या खालच्या काकूंच्या वाळवणाच्या कुरडयांवर एकदा माझ्या कुंडीतलं लाल पाणी पडलं आणि पुढचे दोन महिने जिन्यात त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. तेव्हापासून पाणी सकाळी सहाच्या आत आणि हळूहळू, दोन टप्प्यांत.

महापालिकेचं नळाचं पाणी तानसा, भातसा, वैतरणेसारख्या तलावांतून येतं, म्हणजे मुळात पावसाचंच. झाडांना ते चांगलं मानवतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर मात्र कढीपत्ता हळूहळू पिवळा पडतो. कसा आणि का, ते पुढे.

खत, ताक आणि मासे धुतलेलं पाणी

पानं खायची आहेत तर नत्र हवं. फेब्रुवारी ते मे दर महिन्याला दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत मातीत मिसळायचं. शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड मिळाली तर मूठभर पेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, त्यात दसपट पाणी मिसळा आणि घाला. वास येतो, संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर तो दिवस टाळा. मुसळधार पावसात कुंडीतली पोषणद्रव्यं वाहून जातात, तेव्हा खत घालणं म्हणजे ते गटाराला घालणं. गणपती उठले की पुन्हा सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत बंद.

आता ताक. सासूबाई मालवणच्या. कढीपत्त्याला आंबट ताक घातलंच पाहिजे, ही त्यांच्या लेखी वादाची गोष्ट नव्हे. मी घालते, महिन्यातून एकदा, वाटीभर ताकात दहा वाट्या पाणी. कढीपत्त्याला किंचित आम्ल माती आवडते आणि ताकाने तो आंबटपणा थोडा वेळ मिळतो. पण पिवळ्या झाडावर ताक हाच इलाज समजून दर आठवड्याला घट्ट ताक ओतणारे लोक बघितलेत, त्यांच्या कुंडीत मुंग्या आणि चिलटं होतात, झाड पिवळं ते पिवळंच. कारण नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर झाडाला लोह मिळत नाहीये, आणि दुधाताकात लोह नावालाच असतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मातीचं आम्लपण जातं आणि मातीत असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही, तेच हे पिवळेपण. त्यावर हिराकस (फेरस सल्फेट) आणा. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम विरघळवून ओल्या मातीत घाला, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं, मिळालं तर अधिक चांगलं, डबीवर लिहिलेल्या प्रमाणात. हिराकसाचं पाणी लादीवर सांडलं तर गंजाचा डाग पडतो, तो जात नाही. आमच्या ग्रीलच्या कडप्प्यावर अजून आहे.

खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर ती गोष्ट वेगळी. तिथे नत्र कमी पडतंय, खत घाला. आणि जानेवारीत थोडी पानं पिवळी होऊन गळली तर काहीच करू नका. आपल्या मुंबईच्या थंडीला पुणेकर हसत असतील, पण कढीपत्ता ती मनावर घेतो. वाढ थांबते, फेब्रुवारी सरताना पुन्हा पालवतो.

मासे धुतलेल्या पाण्याबद्दल विचारतातच. खत म्हणून ते उत्तम, कोळीवाड्यांतले टवटवीत कढीपत्ते बघितलेले असतील तर सांगायला नको. पण मीठ लावण्याआधीचं पाणी हवं, ते पातळ करून घालावं आणि वर कोरडी माती टाकावी. मी एकदा तशी विसरले. त्या रात्री मांजराने कुंडी उकरली आणि सकाळी कावळ्यांची सभा भरली.

शेंडा मोडा

कढीपत्त्याच्या खोडाला शेंडा असेपर्यंत तो सगळी ताकद वर जाण्यात घालवतो. पानांच्या बेचक्यातले डोळे झोपलेले राहतात. शेंडा छाटला की खालचे दोन-तीन डोळे एकदम जागे होतात आणि एका काठीच्या दोन-तीन फांद्या होतात. त्या हातभर झाल्या की त्यांचे शेंडे छाटा. सहा-सात फांद्या. हा पाढा दोन वर्षं म्हटला की झुडूप झालंच.

पहिली छाटणी रोप फूट-सव्वा फूट झालं आणि नव्या कुंडीत रुळलं, म्हणजे नवी पालवी फुटायला लागली, की करायची. वरची तीन-चार बोटं. पान जिथे खोडाला चिकटलेलं असतं त्याच्या किंचित वर, तिरका काप द्या. धारदार कात्री हवी, कापण्याआधी तिला सॅनिटायझर चोळा. स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीने खोड चेचलं जातं आणि काप वरून खाली वाळत येतो. हाताला खरंच जिवावर येतं, मला माहीत आहे. दोन आठवडे झाड तसंच उभं राहतं, आपल्याला अपराधी वाटतं, मग एके सकाळी बेचक्यात तांबूस ठिपके दिसतात.

एरवी रोजच्या फोडणीसाठीसुद्धा हाच हिशेब ठेवा. दोन काड्या हव्या असतील तर एखाद्या लांब फांदीचं टोकच त्या दोन काड्यांसकट कापा. म्हणजे रोजची खुडणी हीच बारीक छाटणी होते. मात्र रोजच्या खुडणीत एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढायची नाहीत आणि पहिलं वर्षभर हात आखडता ठेवायचा.

मोठी छाटणी वर्षातून दोनदा. एक फेब्रुवारीच्या अखेरीस, उन्हाळी पालवी फुटायच्या तोंडावर. निघालेल्या पानांची मी कोरडी चटणी करते, तीळ, खोबरं, लसूण आणि लाल मिरची घालून. दुसरी ऑक्टोबरात. पावसावर वाढलेलं झाड तेव्हा सर्वांत भरगच्च असतं आणि नेमका दिवाळीचा चिवडा समोर असतो. भर पावसात मोठे काप देऊ नका, जखमेवर बुरशी धरते. जाड फांदी कापल्यावर मी हळदीचा लेप लावते. आई लावायची म्हणून.

मोहोराचे गुच्छ दिसले तर खुडून टाका, फळं धरली की पानांची वाढ मंदावते. बुलबुलांसाठी एखादा ठेवलात तर तुमची मर्जी. पिकल्या फळाचा गर गोडसर असतो पण आतलं बी खायचं नाही, मुलांना तेवढं सांगा.

आणि तुमचं झाड आधीच खराटा झालं असेल तर? फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात खोड मातीपासून फूट-दीड फुटावर सरळ कापा. होय, सगळी पानं जातात. झाड निरोगी असेल आणि खोड हिरवं-करडं, जिवंत असेल (नखाने ओरखडून बघा, आत हिरवं दिसलं पाहिजे), तर महिन्याभरात चहूबाजूंनी फुटतं. माझं दुसरं रोप मी असंच कापलं. ग्रीलमधलं आजचं झाड तेच.

कोण खातं?

एके दिवशी कोवळी पानं गायब होतात आणि दांडेच उरतात. नीट बघा, पानावर पक्ष्याची विष्ठा वाटेल असं काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं असेल. ती लिंबावरच्या फुलपाखराची बाळअळी. मोठी झाली की हिरवीगार होते, डिवचली तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. लिंबाच्या कुळाची सोयरीक म्हटलं होतं, ती ही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनही याच लिंबू कुळातल्या झाडांवर वाढतं. अळ्या फार तर चार-पाच असतात. औषध मारू नका, चिमट्याने उचला. मी सगळ्या एका फांदीवर नेऊन ठेवते आणि ती फांदी त्यांच्या नावाने सोडते. रोप फूटभराचं असेल तर मात्र एवढं औदार्य परवडत नाही, एक अळी दोन दिवसांत त्याला नागवं करते.

खरा त्रास सिट्रस सायलाचा. गव्हाच्या कोंड्याएवढे करडे किडे, पार्श्वभाग वर करून बसलेले. कोवळी पालवी आक्रसते, तिच्यावर पांढरे मेणचट धागे दिसतात, पानं चिकट होतात आणि मग त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. सुरुवातीला नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, तीन दिवस ओळीने. नाहीच गेले तर आक्रसलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून फेका, आणि लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चमचाभराहून कमी भांडी धुण्याचं लिक्विड घोटून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. फवारल्यावर आठवडाभर त्या झाडाची पानं घेऊ नका, नंतर धुऊन घ्या.

खोडावर तपकिरी खवले किंवा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासा. मुंग्या झाडावर ये-जा करताना दिसल्या की समजा वर कुठेतरी चिकटा आहे.

कुंडी भरली की

दोन-तीन वर्षांनी पाणी घातलं की ते वरच तुंबतं, किंवा झटकन खालून निघून जातं. मुळं गच्च झालीत. फेब्रुवारीच्या छाटणीच्या वेळीच झाड कुंडीतून आडवं काढा, कडेची आणि तळाची दीड इंच मुळं सुरीने तासा आणि नव्या मातीत त्याच कुंडीत लावा. वर आणि खाली एकाच दिवशी कापायचं, म्हणजे उरलेल्या मुळांवर पानांचा भार पडत नाही.

सोसायटीच्या आवारात जमिनीत लावायचं असेल तर भिंतीपासून लांब लावा आणि सगळ्यांना विचारून लावा, फुटवे दूरवर जातात. शिवाय जमिनीतलं झाड मोठं झालं की ते १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात येतं. मग मनाला आलं म्हणून कापता येत नाही, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कुंडीत ही कटकट नाही.

काढणी आणि चिवडा

पानं सकाळी काढा. लगेच लागणार नसतील तर न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दहा-बारा दिवस छान राहतात. काळी पडतात ती ओलाव्याने. फ्रीजरमध्येही टिकतात, फक्त बाहेर काढल्यावर थेट गरम तेलात टाकायची, वाट बघायची नाही. उन्हात वाळवून ठेवलेला कढीपत्ता मला कधीच पटला नाही, रंगही उडतो आणि वासही जातो.

ऑक्टोबरच्या छाटणीत माझ्या झाडाची एक मोठी पिशवी भरते. दोन किलो पोह्यांच्या चिवड्याला पुरून खालच्या काकूंकडेही जाते. पानं आदल्या संध्याकाळी धुऊन, पंचावर पसरून, रात्रभर पंख्याखाली ठेवा. एक थेंब पाणी राहिलं तरी तेल तडतडून अंगावर येतं. तेल तापल्यावर गॅस बारीक करा, पानं मूठमूठ करून सोडा, तडतड थांबली की झाऱ्याने काढा. हिरवी आणि काचेसारखी कुरकुरीत व्हायला हवीत.

तिकडे ग्रीलमध्ये बोडकी झालेली झुडुपाची कांडकी उभी असतात. त्यांना आता पाणी निम्म्यावर आणा, पानंच नाहीत तर प्यायचं कशाने. खत आठ दिवसांनी. भाऊबिजेच्या आसपास बेचक्यांत तांबूस ठिपके दिसायला लागतात.